मागितल्या क्षणी प्रमाणपत्र : पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

इंटरनेटवर सुरक्षित जोडणी होताना दोन यंत्रे कामाचे बोलण्याआधी ओळखीचे बोलतात. या सुरुवातीच्या बोलण्याला हँडशेक म्हणतात, आणि ते टीएलएस नावाच्या नियमावलीप्रमाणे चालते. जोडणी मागणारा तो क्लायंट, देणारा तो सर्व्हर. ‘अमुक नाव याचेच आहे’ असे विश्वासातल्या तिसऱ्या संस्थेने सही करून दिलेले प्रमाणपत्र सर्व्हरने दाखवायचे. त्या प्रमाणपत्राशी जुळणारी खासगी किल्ली आपल्याकडे आहे, हेही त्याने तिथल्या तिथे सही करून सिद्ध करायचे. हे प्रमाणपत्र सर्व्हर-प्रोग्रामच्या हाती केव्हा द्यावे, याबद्दल दोन मते आहेत. एक मत म्हणते, प्रोग्राम सुरू होतानाच फाइलमधून वाचून द्यावे आणि मोकळे व्हावे. दुसरे म्हणते, पाहुणा दारात आला की तो कोणाला भेटायला आला आहे ते ऐकून त्या क्षणी निवडून द्यावे. दुसऱ्या पद्धतीत प्रोग्राम लिहिणारा स्वतःचे एक फंक्शन टीएलएस लायब्ररीकडे सोपवून ठेवतो आणि वेळ आली की लायब्ररी ते बोलावते. त्या फंक्शनला कॉलबॅक म्हणतात.

शास्त्रग्रंथांच्या रीतीने पहिल्या मताला पूर्वपक्ष आणि दुसऱ्याला उत्तरपक्ष म्हणता येईल. शास्त्रार्थात शेवटी उत्तरपक्ष जिंकतो, हे ठरलेलेच असते. येथे मात्र त्याला बऱ्याच जागा सोडाव्या लागतात.

वादाला उदाहरण हवे, आणि ते टेमघरात सापडते. शहाडला उल्हास नदीचे पाणी उचलले जाते, भिवंडीलगतच्या टेमघरच्या केंद्रात ते शुद्ध होते आणि तिथून ठाणे, भिवंडी-निजामपूर व मिरा-भाईंदर या तीन महानगरपालिकांना आणि ठाणे जिल्हा परिषदेच्या गावांना जाते. ‘स्टेम’ हे योजनेचे नावच शहाड आणि टेमघर मिळून झाले आहे. अशा एखाद्या केंद्रात एकच सर्व्हर आहे, त्याला एकच आयपी पत्ता आहे, आणि चार संस्थांना तो चार वेगळ्या नावांनी पाण्याच्या मीटरची आकडेवारी देतो, असे धरू. केंद्र खरे आहे, सर्व्हर वादापुरता कल्पिलेला.

पूर्वपक्ष : चार नावे म्हणजे चार फाइली. सर्व्हर सुरू करतानाच चारही वाचाव्यात. एखादी फाइल खराब निघाली किंवा किल्ली प्रमाणपत्राशी जुळली नाही तर सर्व्हर सुरूच होणार नाही, आणि समोर बसलेल्या माणसाला ते लगेच कळेल. कॉलबॅकमध्ये दडलेली हीच चूक रात्री दोनला, मिरा-भाईंदरहून पहिली जोडणी आल्यावर उघडी पडेल. तेव्हा समोर कोणी नसेल. शिवाय एकाच प्रमाणपत्रात चारही नावे घालता येतात. मग निवडायचे उरतेच काय?

उत्तरपक्ष : चार नावांपुरते चालेल. पण एकाच पत्रात चौघांना कोंबले की एकाचे नाव बदलल्यावर चौघांचे पत्र नव्याने काढावे लागते, आणि एकाची किल्ली चोरीस गेली की चौघांची गेली. संकेतस्थळे भाड्याने ठेवणाऱ्या कंपन्यांकडे तर एका पत्त्यामागे हजारो नावे असतात आणि रोज नव्याची भर पडते. सकाळी वाचलेली यादी दुपारपर्यंत शिळी होते.

हा वाद २००३ पूर्वी उभाच राहू शकला नसता. जुन्या नियमावलीत क्लायंट कोणत्या नावाशी बोलायला आला आहे, हे सर्व्हरला हँडशेकमध्ये कळत नसे. नाव कळायचे ते नंतर, सुरक्षित झालेल्या बोलण्यात. प्रमाणपत्र तर त्याआधीच दाखवायचे असे. म्हणून एका पत्त्यावर एकच प्रमाणपत्र, असा व्यवहार होता. जून २००३ मध्ये आरएफसी ३५४६ ने टीएलएसला काही जोडण्या दिल्या. त्यांत ‘सर्व्हर नेम इंडिकेशन’ म्हणजे एसएनआय ही एक होती. पुढे २०११ मध्ये आरएफसी ६०६६ मध्ये ती नव्याने मांडली गेली. क्लायंट आता अगदी पहिल्या संदेशात, ‘क्लायंट हॅलो’त, हवे ते नाव सांगू लागला. टेमघरच्या भाषेत सांगायचे तर कोणत्या शहराच्या वाहिनीचा व्हॉल्व्ह फिरवायचा, हे पाणी सोडण्याआधी कळू लागले. कॉलबॅकला निवडायला काहीतरी हाती आले ते यामुळे.

नाव मात्र पूर्ण हवे. नुसते ‘टेमघर’ म्हटले तर पुण्याचा माणूस मुळशी तालुक्यातले मुठा नदीवरचे धरण समजेल. प्रमाणपत्रातही तसेच आहे. जुळवणी होते ती पूर्ण डोमेन नावाशी, आणि तारांकित प्रमाणपत्र घेतले तरी तारा एकाच पातळीपुरता चालतो. कॉलबॅक लिहिताना नावाचा अर्धाच भाग तपासण्याचा आळस अनेकांना नडला आहे.

ओपनएसएसएल ही या कामाची सर्वांत पसरलेली लायब्ररी. तिच्यात आधी नावापुरता एक कॉलबॅक होता. त्यात नाव पाहून सगळी मांडणीच, म्हणजे संपूर्ण कॉन्टेक्स्ट, बदलून टाकायची रीत पडली. जानेवारी २०१५ च्या १.०.२ आवृत्तीत ‘सर्ट सीबी’ नावाचा खास प्रमाणपत्राचा कॉलबॅक आला. सर्व्हरवर तो क्लायंटचा पहिला संदेश वाचून झाल्यावर, पण सायफर, म्हणजे गुप्तलेखनाची पद्धत, ठरण्यापूर्वी बोलावला जातो. ही वेळ विचारपूर्वक ठरवलेली आहे. टीएलएस १.२ पर्यंत किल्ली आरएसए जातीची आहे की लंबवर्तुळ-वक्राची, यावर कोणते सायफर चालतील हे अवलंबून असते, म्हणून आधी पत्र, मग सायफर. नावाखेरीज क्लायंटला कोणत्या सह्या समजतात हेही तोवर कळलेले असते. त्यामुळे नव्या क्लायंटला नव्या पद्धतीची सही असलेली प्रमाणपत्रांची साखळी आणि जुन्याला जुनी, असे करता येते. कॉलबॅकने १ परत केले तर पुढे चालावे, ० केले तर हँडशेक मोडावा, आणि ऋण १ केले तर थांबावे, उत्तर अजून यायचे आहे, असा संकेत आहे.

हा ऋण १ वादाचा खरा गाभा आहे.

पूर्वपक्ष : ‘थांबा’ म्हणायची सोय ठेवली, यातच दुखणे आहे. निवडणारे फंक्शन डेटाबेसला विचारायला जाते, डेटाबेस दुसऱ्या यंत्रावर, त्याचे नेटवर्क मंद. दारातला माणूस ताटकळतो आणि त्याच्यामागे रांग लागते. पायथनच्या एसएसएल मॉड्यूलमध्ये हा कॉलबॅक सरळ चालतो, त्यात ‘नंतर सांगतो’ असे नाही. एका थ्रेडवर अनेक जोडण्या हाकणाऱ्या प्रोग्रामात तेवढा वेळ सगळ्याच जोडण्या खोळंबतात. फाइल वाचून मेमरीत ठेवली असेल तर यातले काही घडत नाही.

उत्तरपक्ष : प्रत्येक भाषेची गोष्ट वेगळी. गो भाषेत हँडशेक स्वतःच्या गोरुटीनमध्ये, म्हणजे हलक्या स्वतंत्र थ्रेडसारख्या प्रवाहात, चालतो, म्हणून कॉलबॅक थांबला तर ती एकच जोडणी थांबते. जावास्क्रिप्टच्या नोडमध्ये उत्तर नंतर द्यायची सोय आहे. ओपनएसएसएलमध्ये ऋण १ आहेच. थांबता येते.

पूर्वपक्ष : थांबता येते म्हणून थांबावे काय? एनजीएनएक्स या सर्व्हरने २०१९ मध्ये प्रमाणपत्राच्या फाइलनावात चल टाकायची मुभा दिली, आणि त्याच्याच माहितीपत्रकात लिहून ठेवले की असे केल्यास प्रत्येक हँडशेकला प्रमाणपत्र नव्याने वाचले जाईल आणि कामगिरीवर परिणाम होऊ शकेल. करणाऱ्यांनीच सांगितले आहे.

येथे उत्तरपक्षाने एक पाऊल मागे घ्यावे, आणि ते घेतल्यानेच त्याची बाजू बळकट होते. कॉलबॅकने निवडावे, पण आणायला जाऊ नये. दुकानात गिऱ्हाईक आले की फळीवरचे हवे ते काढून द्यावे. ते आल्यावर माल आणायला घाऊक बाजारात निघालेला दुकानदार गिऱ्हाईक गमावतो. म्हणजे पत्रे आणण्याचे, उलगडण्याचे, किल्लीशी जुळवण्याचे काम पार्श्वभूमीला स्वतंत्रपणे चालावे, आणि कॉलबॅकने मेमरीतल्या तक्त्यात नाव शोधून बोट दाखवावे. तक्ता बदलायचा असेल तर नवा तक्ता बाजूला पूर्ण बांधून एका झटक्यात जुन्याच्या जागी ठेवावा, कारण हजार जोडण्या एकाच वेळी तो वाचत असतात. असे केले की पूर्वपक्षाची ‘सुरू होतानाच तपासा’ ही मागणीही पुरी होते. तक्ता बांधतानाच तपासणी होते, आणि खराब पत्र तक्त्यात शिरतच नाही.

पूर्वपक्ष अजून एक मुद्दा काढतो, नूतनीकरणाचा, आणि त्यात तो बराचसा खरा आहे. प्रमाणपत्रांचे आयुष्य घटते आहे. १ सप्टेंबर २०२० पासून सार्वजनिक प्रमाणपत्राची कमाल मुदत ३९८ दिवस झाली. एप्रिल २०२५ मध्ये प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर बनवणारे यांच्या मंचाने ती पायऱ्यापायऱ्यांनी उतरवायचे ठरवले. १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १००, आणि २०२९ च्या त्या तारखेपासून ४७. उत्तरपक्षाचे समर्थक हे आकडे सांगून म्हणतात की आता कॉलबॅकवाचून गत्यंतर नाही. पण एनजीएनएक्सला ‘रीलोड’चा संकेत दिला की तो नव्या फाइली वाचतो आणि चालू जोडण्या जुन्या कामगार-प्रक्रियांना पुऱ्या करू देतो. सत्तेचाळीस दिवसांनी एकदा एवढे करायला कॉलबॅक लागत नाही. ज्या प्रोग्रामाला रीलोड ठाऊक नाही आणि जो महिनोन्महिने अखंड चालतो, त्याला मात्र तो लागतोच. नूतनीकरण हे कॉलबॅकचे कारण असू शकते, पण ते त्याचे सर्वांत मोठे कारण नव्हे.

उत्तरपक्षाची खरी अडचण वेगळीच आहे. समोरच्याने नावच सांगितले नाही तर?

पूर्वपक्ष : पंपघरात बसवलेली यंत्रे, मीटर, नियंत्रक अनेकदा थेट आयपी पत्त्यावर जोडली जातात. एसएनआयमध्ये आयपी पत्ता लिहायची परवानगीच नाही, तिथे फक्त नाव चालते. मग तुमच्या कॉलबॅकच्या हाती कोरा कागद येणार. तो काय निवडणार?

उत्तरपक्ष : एक ठरलेले पत्र ठेवायचे. नाव नाही तर ते द्यायचे.

पूर्वपक्ष : म्हणजे शेवटी फाइलच ठेवायची, एवढेच ना! आणि अनोळखी नाव आले तर?

यावर दोन्ही पक्षांत एकमत नाही आणि नियमावलीतही सक्ती नाही. सर्व्हर ‘नाव ओळखत नाही’ असा ११२ क्रमांकाचा इशारा देऊन जोडणी मोडू शकतो, किंवा ठरलेले पत्र देऊन निर्णय क्लायंटवर सोडू शकतो. पहिले कठोर, पण स्पष्ट. दुसऱ्यात क्लायंटने नीट तपासले तर तो स्वतःच जोडणी तोडतो, आणि तपासले नाही तर ठाण्याला हवी असलेली आकडेवारी भलत्याच पत्राखाली घेऊन मोकळा होतो. वरच्या उदाहरणात ठरलेले पत्र फक्त बिननावाच्या जोडण्यांसाठी ठेवावे आणि चुकीच्या नावाला नकार द्यावा, हे बरे.

कोऱ्या नावाबाबत गो भाषेत एक खाच आहे, ती अनुभवी प्रोग्रामरलाही चकवते. तिथे ‘गेट-सर्टिफिकेट’ हा कॉलबॅक डिसेंबर २०१४ च्या १.४ आवृत्तीपासून आहे. पण मांडणीत फाइलमधून वाचलेली पत्रे आधीच ठेवलेली असतील, तर क्लायंटने नाव पाठवले तरच कॉलबॅक बोलावला जातो. नाव नसेल तर लायब्ररी परस्पर यादीतून पत्र देते. कॉलबॅक नेहमीच चालावा असे वाटत असेल तर ती यादी रिकामी ठेवावी लागते. एका पक्षाची सोय दुसऱ्याच्या शेजारी नेऊन बसवली की काय होते, त्याचा हा चांगला नमुना आहे.

आतापर्यंत बोलणे सर्व्हरचे झाले. कॉलबॅक क्लायंटच्या बाजूलाही असतो, आणि तिथे पूर्वपक्षाचे फारसे चालत नाही. सर्व्हर कधी कधी क्लायंटलाच म्हणतो, तूही आपले प्रमाणपत्र दाखव. या मागणीसोबत तो आपल्याला कोणत्या संस्थांनी दिलेली पत्रे आणि कोणत्या जातीच्या सह्या चालतील, याची यादी पाठवू शकतो. ही मागणी यायच्या आधी क्लायंटला काहीच ठाऊक नसते. म्हणूनच कॉलबॅक येथे सोयीपेक्षा गरजेचा असतो.

भिवंडीच्या गोदामांतून माल भरून निघणाऱ्या ट्रकचे उदाहरण घ्यावे. १ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला ई-वे बिल लागू झाले. ट्रकमध्ये पाच व्यापाऱ्यांचा पार्ट-लोड असेल तर चालकाकडे पाच मालांचे कागद असतात. तपासणीला गाडी थांबवली की तो सगळा गठ्ठा साहेबांच्या हाती देत नाही. कोणत्या मालाचे विचारले आहे ते ऐकतो आणि तेवढेच काढून देतो. कोणी विचारलेच नाही तर कागद खिशातच राहतात. क्लायंटच्या कॉलबॅकने हेच करायचे असते. अनेक संस्थांच्या सर्व्हरवर जाणारा एकच प्रोग्राम असेल, तर प्रत्येक सर्व्हरच्या यादीत बसेल ते पत्र त्याने काढावे, आणि बसणारे एकही नसेल तर रिकामे उत्तर द्यावे. मग पुढे जाऊ द्यायचे की परतवायचे, हे सर्व्हर ठरवतो. गो भाषेत २०१७ च्या १.८ आवृत्तीपासून यासाठी ‘गेट-क्लायंट-सर्टिफिकेट’ आहे. त्यात ‘पत्र नाही’ असे सांगायचे तर रिकामे प्रमाणपत्र परत करावे लागते. शून्य म्हणजे ‘निल’ परत करून चालत नाही. ओपनएसएसएलच्या जुन्या क्लायंट-कॉलबॅकला तर एकच पत्र आणि त्याची किल्ली देता येत असे, मधल्या संस्थांची साखळी देता येत नसे. सर्व्हरकडे ती मधली पत्रे नसली की तपासणी फसायची, आणि दोष कुणाचा यावर दोन्हीकडचे लोक तासन्‌तास घालवायचे. नव्या ‘सर्ट सीबी’ने ही उणीव भरून काढली.

पूर्वपक्ष : विचारणाऱ्या प्रत्येकाला पत्र काढून द्यायचे, यात धोका नाही का?

उत्तरपक्ष : आहे. टीएलएस १.२ पर्यंत क्लायंटचे प्रमाणपत्र उघड्या तारेवरून जात असे, वाटेत कोणालाही त्यावरचे नाव वाचता यायचे. ऑगस्ट २०१८ च्या टीएलएस १.३ मध्ये ते झाकून जाते. तरी समोरचा सर्व्हर खरा आहे का, हे तपासूनच द्यावे.

शेवटच्या वाक्यात एक गोंधळ टाळायला हवा. पत्र पुरवणारा कॉलबॅक वेगळा आणि समोरच्याचे पत्र तपासणारा कॉलबॅक वेगळा. दुसऱ्यात ‘सगळे खरे’ असे उत्तर लिहून टाकले की संपूर्ण सुरक्षितता नाहीशी होते, आणि चाचणीपुरते लिहिलेले ते वाक्य प्रत्यक्ष वापरात तसेच राहिल्याची उदाहरणे या क्षेत्रात कमी नाहीत. तपासणी आंधळी असून चालत नाही हे भारतात जुलै २०१४ मध्ये दिसले. राष्ट्रीय सूचना केंद्राच्या प्रमाणपत्र-शाखेतून गूगलच्या नावांची बनावट प्रमाणपत्रे निघाल्याचे गूगलला आढळले. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या भारताच्या नियंत्रक कार्यालयाने त्या शाखेची मधली प्रमाणपत्रे लगोलग रद्द केली. सही खरी होती, फक्त ती भलत्याच नावावर होती.

किल्ली कुठे आहे, हा प्रश्नही याच वादात येतो. हिशेबनिसांच्या टेबलावर डिजिटल सहीचे यूएसबी डोंगल असते. त्याची गंमत ही, की खासगी किल्ली त्यातून कधीच बाहेर येत नाही. सही हवी असेल तर कागद त्याच्याकडे न्यावा लागतो. किल्ली अशा उपकरणात असली की ‘सुरू होताना फाइल वाचा’ हा सल्ला निम्माच लागू पडतो. प्रमाणपत्र वाचता येईल, किल्ली वाचता येणार नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये क्लाउडफ्लेअरने ‘कीलेस एसएसएल’ आणले ते याच धर्तीवर. बँकेची किल्ली बँकेच्याच यंत्रात राहते आणि हँडशेकमधली तेवढी एक सही तिथून मागवली जाते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हार्टब्लीड या ओपनएसएसएलमधल्या दोषाने सर्व्हरच्या मेमरीतून किल्ल्या गळू शकतात हे जगाला दाखवले होते, तेव्हा या कल्पनेला गिऱ्हाईक मिळणे साहजिक होते. येथे मात्र थांबणे अटळ असते.

एका ठिकाणी उत्तरपक्षाला फारसा बचाव नाही. काही सर्व्हर कॉलबॅकमध्येच नवे प्रमाणपत्र काढायला जातात. नाव आले, पत्र नाही, तर लगेच देणाऱ्या संस्थेकडून मागवायचे. कॅडी या सर्व्हरमध्ये ही सोय आहे. कोणी खोडसाळपणे हजारो बनावट नावे त्या पत्त्याकडे वळवली तर सर्व्हर हजारो अर्ज करत बसतो. लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्था एका डोमेनला सात दिवसांत किती प्रमाणपत्रे मिळतील यावर मर्यादा घालतात, त्यामुळे खऱ्या गरजेच्या वेळी दार बंद मिळू शकते. म्हणून कॅडीत आधी ‘हे नाव आपले आहे का’ असे विचारून घेण्याची व्यवस्था ठेवलेली आहे, आणि ती चालू केल्याशिवाय ही सोय वापरू नये. वरच्या उदाहरणात नावे चारच. त्यांच्याबाहेरच्या कोणत्याही नावासाठी अर्ज जाण्याचे कारणच नाही.

राहिला पुनर्जोडणीचा प्रश्न. एकदा ओळख पटली की क्लायंट पुढच्या वेळी जुनी खूण दाखवून छोट्या वाटेने आत येऊ शकतो. त्या वाटेवर प्रमाणपत्र पाठवलेच जात नाही, म्हणून नव्याने निवडलेले पत्र त्या क्लायंटपर्यंत पोहोचत नाही. संध्याकाळी पत्र बदलले आणि रात्री भिवंडीच्या कार्यालयातले यंत्र जुन्याच ओळखीवर आत आले, तर दोन्ही बाजूंच्या नोंदी बरोबर असतात आणि तरी काहीतरी चुकल्यासारखे दिसते. किल्ली फुटल्यामुळे पत्र बदलले असेल तर जुन्या खुणा रद्द कराव्यात, आणि बदल लागू झाला का हे पाहताना जुनी खूण नसलेल्या क्लायंटने, चारही नावांनी आणि एकदा नावाशिवाय, पूर्ण हँडशेक करून पाहावा.